चौदा आण्यांचा निर्णय

मनुष्याच्या आयुष्यात असा एकही दिवस उजाडत नाही, की ज्या दिवशी त्याला काही ना काही ठरवावे लागत नाही. शाळेला कोणत्या वाटेने जावे, अभ्यास आधी करावा की खेळून आल्यावर, असे लहानसहान निर्णय प्रत्येक जण दिवसभर घेत असतो. त्यांतील एखादा चुकला तरी फारसे बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी तो सुधारता येतो. परंतु काही निर्णयांना स्वतःची अशी एक वेळ असते. त्या वेळेआधी ते घेतले तर काम नासते आणि ती वेळ टळून गेल्यावर घेतले तर ते घेऊन न घेतल्यासारखेच होतात. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण पहिल्या दोषावर बोट ठेवते, तर 'वरातीमागून घोडे' ही म्हण दुसऱ्या दोषावर. घाई आणि दिरंगाई यांच्या मधली जी नेमकी घटका, ती ओळखावयाची कशी, हा खरा प्रश्न आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. या जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीची रांग आहे आणि पश्चिमेस अरबी समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीत डोंगरउतारावर हापूस आंब्याची कलमे आहेत आणि किनाऱ्यावर ठिकठिकाणी मासेमारीच्या नौका नांगरलेल्या दिसतात. आंब्याचा बागाईतदार आणि नौकेचा तांडेल या दोघांचाही चरितार्थ वेळेवर घेतलेल्या निर्णयांवर चालतो. एकाला बहुधा घाई भोवते, दुसऱ्याला दिरंगाई. म्हणून निर्णय कसा घ्यावा हे समजून घेण्यास या दोघांहून चांगले गुरू मिळणे कठीण.

प्रथम बागाईतदाराची गोष्ट पाहू. हापूसच्या कलमांना सामान्यतः नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मोहोर येतो आणि मार्चपासून मेअखेरपर्यंत फळे उतरविली जातात. हंगामाच्या आरंभी बाजारात आंबा थोडा असतो, त्यामुळे भाव चढा असतो. पुढे आवक वाढते तसतसा भाव उतरत जातो. साहजिकच, फळे चार दिवस आधी काढावीत आणि चांगली किंमत मिळवावी, असा मोह पुष्कळांना होतो. पण कोवळे फळ काढले, तर ते अढीत घालूनही नीट पिकत नाही. त्याची साल सुरकुतते, गर आंबटच राहतो आणि हापूसचा जो सुगंध सर्व जगात वाखाणला जातो, तो त्याला येतच नाही. एकदा देठापासून तुटलेले फळ पुन्हा झाडाला जोडता येत नाही. घाईने घेतलेला हा निर्णय मागे फिरविता येत नाही, हेच त्यातील मोठे दुःख होय.

मग फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु तेही हिताचे नाही. झाडावर पिकलेल्या फळाला पाखरे आणि वटवाघळे टोचतात. ते वाऱ्याने गळते. दूरच्या बाजारात पोचेपर्यंत टिकत नाही. हापूसमध्ये 'साका' नावाचा एक दोष आढळतो. बाहेरून फळ निर्दोष दिसते, पण कापल्यावर आतील गर पांढुरका, स्पंजासारखा आणि बेचव निघतो. फळ झाडावर अधिक काळ राहिले, तर हा दोष वाढतो. त्यातच मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, तर हाती आलेले पीक डोळ्यांदेखत मातीला मिळते.

या दोन संकटांमधून वाट काढण्यासाठी कोकणच्या बागाईतदारांनी एक सुंदर माप योजिले आहे. पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत असत. १९५७ साली आपल्या देशात दशमान नाणेपद्धती आली आणि आणे व्यवहारातून गेले. आंब्याच्या बागेत मात्र ते अजून टिकून आहेत. पूर्ण तयार फळ म्हणजे सोळा आणे, असे धरून बागाईतदार म्हणतात, "आंबा चौदा आणे तयार झाला की उतरावा." म्हणजे फळ शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास तयार झालेले असावे, उरलेले दोन आणे ते अढीत पुरे करते. दापोली येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील शास्त्रज्ञांनी केलेली शिफारसही या जुन्या मापाशी जुळणारी आहे.

चौदा आणे झाले, हे कळते कसे? त्यासाठी पंचांग किंवा दिनदर्शिका पुरी पडत नाही. कारण मोहोर टप्प्याटप्प्याने येतो आणि एकाच कलमावरील सगळी फळे एकाच दिवशी तयार होत नाहीत. म्हणून जाणता बागाईतदार फळाकडे पाहतो. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आले आहेत काय, सालीचा गडद हिरवा रंग जाऊन फिकट हिरवी छटा आली आहे काय, हे तो तपासतो. शंका वाटली तर नमुन्यादाखल एखादे फळ पाण्यात टाकून पाहतो. कोवळे फळ तरंगते. तयार झालेले फळ बुडते. या खुणा पटल्या, की तो मग थांबत नाही. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या थंड वेळी, चीक फळावर सांडू नये म्हणून थोडा देठ राखून, झेल्याने तो एकेक फळ अलगद उतरवितो.

या कामातून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली अशी, की योग्य वेळ ही दैवाने कळत नाही. ती खुणांनी कळते आणि त्या खुणा आधीच शिकून ठेवाव्या लागतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्याला सोळा आणे खात्री हवी असते, त्याचे फळ बहुधा झाडाखाली पडते. कोणत्याही निर्णयासाठी लागणारी सगळी माहिती क्वचितच हाती येते. चौदा आणे माहिती मिळाली, की उरलेले दोन आणे आपल्या विवेकाने भरून काढून पाऊल टाकावे लागते.

परंतु सर्वच प्रसंगी चौदा आण्यांपर्यंत थांबता येते काय? याचे उत्तर समुद्र देतो.

पावसाळ्यात कोकणातील मोठ्या नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याची चाल आहे. पावसाचा जोर ओसरला, की रत्नागिरीजवळचे मिरकरवाडा, दापोली तालुक्यातील हर्णै यांसारखी बंदरे पुन्हा गजबजू लागतात. मोठी नौका एकदा बंदराबाहेर पडली, की कित्येक दिवस समुद्रावर राहते. तिच्यावरील खलाशांचा प्रमुख तो तांडेल. नौका कोणत्या दिशेला न्यावयाची, जाळे कोठे टाकावयाचे आणि माघारी केव्हा फिरावयाचे, हे सारे तो ठरवितो.

समजा, अशी एखादी नौका किनाऱ्यापासून दूर आहे. डिझेल, बर्फ आणि शिधा यांवर बराच पैसा खर्च झाला आहे आणि जाळ्यात अजून पुरेशी मासळी आलेली नाही. अशा वेळी हवामान बिघडण्याचा इशारा येतो. आकाश अद्याप बरेचसे निरभ्र आहे. वारा थोडा वाढला आहे, एवढेच. वादळ इकडे येईलच, असे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. तांडेलाजवळ चौदा आणे माहिती नाही; फार तर सहा आणे आहे. त्याने काय करावे?

अनुभवी तांडेल येथे निराळा हिशेब मांडतो. आपण परतलो आणि वादळ आले नाही, तर एका फेरीचा खर्च अंगावर पडेल. तो पुढच्या फेरीत भरून निघू शकेल. पण आपण थांबलो आणि वादळ आले, तर नौका जाईल आणि तिच्यावरील माणसेही जातील. ती कोणत्याच फेरीत परत मिळावयाची नाहीत. जेथे एका बाजूचे नुकसान भरून येणारे आणि दुसऱ्या बाजूचे कधीच भरून न येणारे असते, तेथे अर्ध्या खात्रीवरही सुरक्षित वाट धरावी, हाच शहाणपणा होय. आंब्याच्या बाबतीत उतावळेपणा हा दोष ठरतो. समुद्रावर तोच कधी कधी दूरदर्शीपणा ठरतो. किती खात्री झाल्यावर पाऊल उचलावे, हे प्रत्येक वेळी काय गमावण्याचा संभव आहे यावर अवलंबून असते.

२००९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात हा धडा कोकणाला फार कठोरपणे मिळाला. ऐन मासेमारीचे दिवस होते. ९ नोव्हेंबर रोजी अरबी समुद्रात लक्षद्वीपच्या बाजूस हवेच्या कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि उत्तरेकडे सरकू लागले. अवघ्या दोन दिवसांत त्याचे चक्रीवादळ बनले. 'फयान' या नावाने ते ओळखले गेले. ११ नोव्हेंबरच्या दुपारी ते अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. त्यापूर्वी कोकणच्या समुद्रात त्याने मोठा अनर्थ केला. दूर गेलेल्या कितीतरी नौकांपर्यंत इशारा वेळेवर पोचू शकला नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अनेक खलाशी त्या दिवशी परत आले नाहीत. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याला खबरच मिळाली नाही, तो निर्णय कशाच्या आधारावर घेणार? वेळेवर निर्णय व्हावा असे वाटत असेल, तर वेळेवर माहिती पोचविण्याची व्यवस्थाही हवी, ही गोष्ट त्या आपत्तीने सर्वांच्या मनावर ठसविली.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २०२० सालच्या जून महिन्यात, पुन्हा तसाच प्रसंग ओढवला. १ जून रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ झाले. ते कोकण किनाऱ्यावर येणार, असा इशारा भारतीय हवामानशास्त्र विभागाने आधीच दिला होता. बंदरांवर धोक्याचे बावटे चढले. धोक्याचे स्वरूप काय आणि ते किती जवळ आले आहे, हे या बावट्यांच्या क्रमांकावरून दर्यावर्दी लोकांना कळते.

अधिकाऱ्यांपुढे त्या वेळी एक विलक्षण पेच होता. सर्वत्र कोरोनाची साथ पसरली होती. लोकांनी एकत्र जमू नये, असे शासनच सांगत होते. आणि आता तर किनाऱ्यावरील कुटुंबांना घराबाहेर काढून शाळांसारख्या पक्क्या इमारतींत एकत्र ठेवावयाचे होते. दोन्ही बाजूंना धोका होता. परंतु साथीचा धोका अंतर राखून, नाकातोंडावर मुसके बांधून कमी करता येण्यासारखा होता. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यात कच्च्या घरात राहण्याचा धोका कशानेही कमी होणारा नव्हता. शिवाय वादळ कोणासाठी थांबणार नव्हते. तेव्हा लोकांना हलविण्याचा निर्णय झाला आणि तो तातडीने अमलातही आला.

३ जून रोजी दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली आणि मंडणगड या तालुक्यांना त्याचा जबर तडाखा बसला. नारळी-पोफळीच्या पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले. संपत्तीची अपार हानी झाली. पण वादळाच्या मानाने मनुष्यहानी फार थोडी झाली. जे घर सोडून गेले होते, ते परत येऊन मोडलेल्या छपराकडे पाहावयास जिवंत होते.

येथे एक शंका उत्पन्न होते. ज्यांची घरे वादळातही शाबूत राहिली, त्यांनी घर सोडण्याचा घेतलेला निर्णय चुकला असे म्हणावयाचे काय? पुष्कळ लोक परिणामावरून निर्णयाची किंमत करतात. यश आले तर निर्णय शहाणपणाचा, अपयश आले तर मूर्खपणाचा, असे ठरवून मोकळे होतात. याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाच्या चरित्रातील प्रसंग या बाबतीत विचार करण्यासारखा आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी गेले. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, त्यांना सरकारी नोकरीसाठी लागणारी पब्लिक सर्व्हिस परीक्षा द्यावयाची होती. पावसाळी हवेमुळे मुंबईला समुद्रमार्गाने जाण्याची वाट बंद झाली. परीक्षेचा दिवस जवळ येत होता. वाट मोकळी होण्याची प्रतीक्षा करीत बसावे, तर संधी हातची जाणार, हे उघड होते. तेव्हा त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी साताऱ्याच्या केंद्रावर पायी जाण्याचे ठरविले. पावसातून आणि चिखलातून, सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून अधिक मैलांची वाट तुडवीत ती मुले वेळेवर साताऱ्यास पोचली. परंतु कर्वे यांची अंगकाठी लहान होती. ते सतरा वर्षांचे दिसत नाहीत, असे म्हणून परीक्षकांनी त्यांना परीक्षेस बसू दिले नाही.

एवढे कष्ट व्यर्थ गेले, म्हणून पायी निघण्याचा निर्णय चुकीचा होता काय? मुळीच नाही. निघतेवेळी जेवढे ठाऊक होते, तेवढ्यावरून तोच मार्ग योग्य होता. परीक्षक काय म्हणतील, हे त्या मुलांच्या हाती नव्हते. वेळेवर निघणे मात्र त्यांच्या हाती होते. पुढे कर्वे तीच परीक्षा उत्तीर्ण झाले, पदवीधर झाले आणि पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय निराळ्या प्रकारचा होता. त्या काळी विधवेने पुन्हा लग्न करणे समाजाला मान्य नव्हते. १८९१ साली त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असे त्यांनी विचारपूर्वक ठरविले आणि १८९३ साली तो निश्चय अमलात आणला. साताऱ्याचा निर्णय लगोलग घ्यावा लागला होता, कारण दिवस थोडे उरले होते. या निर्णयाला विचारासाठी अवधी होता. तो त्यांनी घेतला. मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, घरच्या माणसांनाही त्रास सोसावा लागला. हे सर्व होणार याची कल्पना त्यांना होती. एकदा ठरल्यावर मात्र ते डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९१६ साली महिला विद्यापीठाचा पाया घातला. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, राष्ट्राने त्यांना 'भारतरत्न' हा किताब अर्पण केला.

बागाईतदार, तांडेल आणि महर्षी कर्वे या तिघांच्या उदाहरणांवरून निर्णयाची रीत स्पष्ट होते. प्रथम, या निर्णयाला किती अवधी आहे, हे पाहावे. अवधी असेल तर उतावळेपणा करू नये, नसेल तर चालढकल करू नये. नंतर, चुकल्यास काय गमवावे लागेल आणि ते भरून येणारे आहे काय, याचा विचार करावा. योग्य वेळेच्या खुणा आधीच समजून घ्याव्यात. आणि एकदा निर्णय घेतला, की तो मनापासून पार पाडावा. अपयश आले, तर कारणे शोधावीत, पण विचारपूर्वक उचललेल्या पावलाची लाज बाळगू नये.

ही रीत केवळ मोठ्या माणसांसाठी आहे, असे नाही. कोकणातील कितीतरी मुले पावसाळ्यात पऱ्यावरचा साकव ओलांडून शाळेत जातात. सकाळी जाताना घोटाभर असलेले पाणी संध्याकाळपर्यंत फुगते आणि फळ्यांना टेकते. पलीकडे घर दिसत असते, पोटात भूक असते, पाठीमागची मुले "चल, चल" म्हणत असतात. अशा घाईगर्दीत, पाण्याच्या काठावर उभे राहून, शांतपणे विचार करणे मोठ्यांनाही साधत नाही. म्हणून तो विचार आदल्या दिवशी, घरी, कोरड्या जमिनीवर बसून करावयाचा असतो: 'पाणी साकवाच्या फळ्यांना टेकले, की ओलांडावयाचे नाही, शाळेत किंवा जवळच्या घरी परत फिरावयाचे.' एवढे आधी ठरलेले असेल, तर ऐन वेळी फक्त खूण पाहावयाची आणि पाऊल मागे वळवावयाचे, एवढेच काम उरते.

कदाचित त्या दिवशी घरी पोचावयास रात्र होईल. कदाचित घटकाभरात पाणी उतरेल आणि परत फिरलेल्या मुलाला सोबती हसतील. त्याने त्याचे वाईट वाटून घेऊ नये. वेळेवर माघारी फिरलेल्या तांडेलालाही कधी कधी लोक हसतात. तो मात्र दुसऱ्या दिवशी आपल्या सर्व खलाशांसह पुन्हा समुद्रावर जातो.